निसर्गगटात नवीन आहात? पहिलं वर्ष असं घालवा

रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी चहाच्या गाडीजवळ सात-आठ माणसं घुटमळताना दिसली, एकाच्या गळ्यात दुर्बीण आणि दुसऱ्याच्या पिशवीत खुरपं असलं, की समजा गट सापडला. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलाव, नदीकाठ अशा ठिकाणी असे छोटे-मोठे गट वर्षानुवर्षं चालू आहेत. कुणाची नोंदणी झालेली असते, कुणाचा नुसता वॉट्सॲप गट असतो. वर्गणी बहुतेक ठिकाणी नसतेच, असली तर चहापुरती.

मी अशाच एका गटात गेली काही वर्षं आहे. दर पावसाळ्यात पाच-पंधरा नवी मंडळी येतात, दिवाळीपर्यंत त्यातली दोन-तीन उरतात. गळणाऱ्यांना आवड नसते असं नाही. बहुतेकांना पहिल्याच दिवशी काहीतरी 'करायचं' असतं, झाड लावायचं असतं, फोटो हवा असतो, आणि इथे पहिले काही महिने नुसतं बघायचं असतं. ते कळलं नाही की कंटाळा येतो. म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे. पुण्याच्या टेकड्यांवरचा आहे, पण नगर, सोलापूर, साताऱ्याच्या माळावरही थोड्याफार फरकाने चालेल. कोकणातल्यांनी झाडांची नावं बदलून घ्यावीत.

पहिला रविवार: काय घेऊन यायचं

जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट. सँडल नको, आणि चप्पल तर अजिबात नको. आमच्या मुरमाड टेकड्यांवर फुरसं असतं. वीतभर, मातकट रंगाचं, दगडाच्या आडोशाला वेटोळं करून बसलेलं. पहिल्या वर्षी मी विंचू दाखवायच्या हौसेने हाताने दगड उलटला आणि खाली फुरसं निघालं. अंग अंगावर घासून त्याने खर्र्‌खर्र् असा आवाज काढला, तो अजून कानात आहे. काही झालं नाही, पण तेव्हापासून गटाचा नियम आहे: दगड हाताने उलटायचा नाही, काठीने उलटायचा, आपल्याकडून पलीकडे नाही, तर पलीकडून आपल्याकडे, म्हणजे दगड आपल्या आणि जनावराच्या मध्ये राहतो. आणि पाहून झालं की तो होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी घर आहे. साप चावलाच तर चिरा देणं, दोरी आवळणं, मांत्रिक, काही नाही. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

बाकी सामान थोडकं: पाणी, टोपी, वही आणि पेन्सिल. पेन नको, दवात भिजलेल्या कागदावर शाई पसरते. कपडे मातकट, हिरवट. पांढरा सदरा पक्ष्यांना लांबून दिसतो. दुर्बीण पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. गटात दोन-तीन असतात, फिरत्या हाताने वापरा. सहा महिन्यांनीही येत असलात तर मग ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा). १० बायची घेऊन हात हलतो म्हणून पस्तावलेले बरेच आहेत.

आधी झाडं, मग पक्षी

सगळ्यांना पक्षी हवे असतात. पण पक्षी उडतो आणि झाड जागेवर उभं राहतं, म्हणून सुरुवात झाडापासून करा. आपल्या नेहमीच्या वाटेवरची दहा झाडं निवडा. उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, तर असणारच. ते दशकांपूर्वी वनीकरणात लावलेलं परदेशी झाड आहे आणि आमच्या टेकडीच्या निम्म्या उतारावर त्याचंच राज्य आहे. त्याखेरीज खैर, हिवर, मेडशिंगी, बारतोंडी, हेंकळ, अमोनी, काटेसावर, पळस, मोई, गणेर यातली जी दिसतील ती घ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाची एक ओळ लिहायची. पानं आली का, कोवळी की जून, कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ. बस.

हे कंटाळवाणं वाटतं ते फेब्रुवारीपर्यंत. मग एका सकाळी गणेराच्या एकही पान नसलेल्या काटकीवर तळहाताएवढं पिवळंधमक फूल दिसतं, आणि वहीत मागे पाहिलं की पान कधी गळलं त्याची तारीख आपल्याच हाताने लिहिलेली असते. काटेसावरीवर त्या दिवसांत अर्धा तास उभे राहिलात तर बुलबुल, कोतवाल, मैना, सूर्यपक्षी, खारी, मधमाश्या सगळे एकाच झाडावर हजेरी लावून जातात. पक्षी शिकायला यापेक्षा चांगला वर्ग नाही.

मोजायचं कसं

गटाचं निम्मं काम मोजणीचं आहे आणि नवे लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात.

पहिली गोष्ट, सगळं लिहायचं. कावळे, कबुतरं, साळुंक्या, सगळं. नवखा माणूस 'आज काही विशेष नव्हतं' म्हणून वही कोरी ठेवतो. दहा वर्षांनी कुणी विचारलं की इथे चिमण्या कमी झाल्या का, तर उत्तर त्या कोऱ्या पानांत अडकलेलं असतं.

दुसरी, वेळ आणि अंतर लिहायचं. किती वाजता सुरू केलं, किती मिनिटं, किती चाललो. त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर यादी भरताना हेच विचारतात. ज्यांना ॲप नको त्यांनी वहीत लिहिलं तरी चालतं, गटातलं कुणीतरी नंतर भरतं.

तिसरी, थवा अंगावर आला की गांगरायचं नाही. हिवाळ्यात भोरड्यांचा थवा संध्याकाळी डोक्यावरून जातो तेव्हा एकेक मोजणं अशक्य असतं. आधी नजरेने दहा मोजा, दहांनी केवढी जागा व्यापली ते पाहा, मग तेवढे तुकडे किती बसतात ते मोजा. 'खूप' असं लिहू नका. 'सुमारे २५०' लिहा.

आणि चौथी, ओळख पटली नाही तर तसं लिहा. आमच्याकडे एक काका सलग तीन महिने 'चिमणी, मादी' लिहीत होते. एकदा कुणीतरी त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती रानचिमणी निघाली, नर, गळ्यावर फिकट पिवळा ठिपका असलेली. वाळक्या झाडाच्या ढोलीत तिचं घरटं होतं. काकांनी तीन महिन्यांच्या सगळ्या नोंदी खोडून पुन्हा नीट लिहिल्या. आज गटात रानचिमणीचं शेवटचं मत त्यांचं असतं.

फोटो, ॲप आणि तोंड बंद ठेवण्याची कला

कीटक आणि वनस्पतींसाठी आयनॅचरलिस्ट सोयीचं आहे. फोटो टाका, जागा आणि तारीख येऊ द्या, जाणकार नाव सुचवतात. फुलाचा एकच सुंदर फोटो काढून थांबू नका. पान वरून, पान खालून, खोड, आणि आकार कळावा म्हणून शेजारी बोट किंवा नाणं. ओळखणाऱ्याला फुलापेक्षा पानाची मागची बाजू जास्त कामाला येते.

घुबडाची ढोली, कुठल्याही पक्ष्याचं चालू घरटं, कासव, खवल्या मांजराच्या खुणा: यांची जागा कुठेही टाकायची नाही. वॉट्सॲपवर नाही, इन्स्टाग्रामवर नाही, मेव्हण्याला नाही. फोटोवाल्यांची रांग लागते आणि पक्षी घरटं सोडतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा प्रकारही आमच्यात चालत नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं कुणी हद्दीत घुसलंय, आणि तो पिल्लं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो.

वॉट्सॲप गटाबद्दल एकच विनंती. फोटोबरोबर तारीख आणि ठिकाण लिहा, आणि शुभ सकाळचे गुलाब घरच्या गटात टाका.

वर्षभर काय काय चालतं

जून-जुलैत पाऊस पडला की टेकडीचा चेहरा पालटतो. केना, आभाळी-नभाळी, टाकळा, कुर्डू, पांढरी मुसळी, मग कळलावी. याच दिवसांत पतंगांची रात्र असते. पांढरी चादर किंवा जुनं धोतर दोरीवर ताणायचं, समोर दिवा लावायचा आणि बसून राहायचं. अमावस्येच्या आसपासची रात्र उत्तम, चांदणं असलं की गर्दी कमी. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती आहेत, पतंगांच्या दहा हजारांहून जास्त, आणि तरी आपण बोलतो फक्त फुलपाखरांबद्दल. मुलांना आणायचं असेल तर याच कार्यक्रमाला आणा. पक्षिनिरीक्षणात त्यांना गप्प बसावं लागतं, इथे ओरडलं तरी पतंग हलत नाही. दिवा मात्र अकराच्या सुमाराला बंद करायचा, नाहीतर पहाटे पक्षी चादरीवरच नाश्ता उरकतात.

ऑगस्टमध्ये कॉसमॉस उपटणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात टेकडीवर पिवळ्या-केशरी फुलांचा गालिचा दिसतो आणि लोक त्यात बसून फोटो काढतात, तोच हा मेक्सिकोकडचा पाहुणा. त्याच्या खाली आपलं गवत आणि रानफुलं दबून जातात. फुलायच्या आधी, जमीन ओली असताना तो मुळासकट सहज निघतो. बुडाला धरायचं, सरळ वर ओढायचं, आणि मुळं वर करून कातळावर वाळत टाकायचं. ओल्या मातीवर टाकलात तर तो पुन्हा जीव धरतो. एकदा बी धरलं की मग गोणीत भरूनच खाली न्यावा लागतो, कारण उपटताना हातातूनच पेरणी होते. नवख्यांनी पहिल्या दिवशी जुन्या माणसाच्या शेजारी बसून उपटावं. मीच एकदा उत्साहाने पिवळ्या तिळवणीचा अख्खा पट्टा साफ केला होता. तिचंही फूल पिवळं, पण पान पंज्यासारखं, तीन-पाच पानांचं. कॉसमॉसचं पान झेंडूसारखं कातरलेलं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगून ठेवतो.

नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ डॉ. सालीम अलींचा. गटाला वर्षातून एकदा लोकांसमोर येण्याची हीच संधी असते, शाळांची बोलावणी येतात. नवीन माणसाने इथे जरूर यावं, कारण चौथीच्या मुलाला तांबट पक्षी समजावून सांगताना आपल्याला तो किती कमी माहीत आहे ते कळतं.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना. आम्ही पाषाण तलाव किंवा सोलापूर रस्त्यावरचं कवडीपाट गाठतो. चक्रवाक, शेकाटे, हळदीकुंकू बदकं, धोबी. समोर चक्रवाकांची जोडी आणि तिच्या पायाशी नदीने आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, हे दृश्य पहिल्यांदा पाहणारा गप्प होतो. फेब्रुवारीत चार दिवसांची परसातल्या पक्ष्यांची गणना असते. भारतात ती २०१३ पासून होते. किमान पंधरा मिनिटं, गच्चीतून केली तरी चालते. ज्यांना गुडघ्यांमुळे टेकडी चढवत नाही त्यांनी ही सोडू नये.

जानेवारी-फेब्रुवारीतच वन विभाग जाळरेषा काढतो, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे मोकळे करतो. त्यांनी परवानगी दिली तर आम्ही मदतीला जातो. नंतर मेपर्यंत धूर दिसला की १०१ ला, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन. स्वतः फांदी घेऊन धावू नका. वाऱ्याची दिशा बदलली की वाळक्या गवतातली आग माणसापेक्षा जोरात पळते.

झाड लावायचंय? थांबा जरा

आता तो विषय, ज्यासाठी निम्मे लोक येतात.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही काही जणांनी हौसेने तीस रोपं लावली. वड, पिंपळ, जांभूळ, जे रोपवाटिकेत मिळालं ते. फोटो झाले. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यातली सात उरली होती. पण खरी चूक मरण्यात नव्हती. ज्या मोकळ्या माळाला आम्ही 'ओसाड' म्हणून खड्डे घेतले, तिथे पुढच्या वर्षी एका जुन्या सदस्याने मला पोटावर झोपवून गवतात दाखवलं: चंडोलाचं घरटं, मूठभर, जमिनीवरच. टिटवी, तित्तर, चंडोल यांना झाडं नकोतच, त्यांना असाच उघडा माळ लागतो. ओसाड जमीन म्हणून आपण जिला हिणवतो ती कुणाची तरी भरलेली वस्ती असते.

तेव्हापासून आमचा क्रम असा आहे. जागा कुणाची ते आधी पाहायचं. टेकड्यांचा बराच भाग वन विभागाचा आहे आणि तिथे परवानगीशिवाय खड्डाही घेता येत नाही. मग त्या जागेवर वर्षभर काय उगवतं, कोण राहतं याच्या नोंदी पाहायच्या. गवताळ माळ असेल तर लावायचं नाही. उतारावर उंदीरमारीखाली जागा असेल तर आसपास आधीच जगलेल्या जाती निवडायच्या. बी तिथलंच गोळा करायचं. पळसाच्या पापड्या मे महिन्यात मिळतात आणि ताज्या पेरल्या तर पटकन रुजतात. बहाव्याचं बी टणक, त्याचं कवच खरवडावं लागतं. निंबोळी पिकल्यावर लगेच पेरायची, पुढच्या वर्षासाठी ठेवलीत तर उगवत नाही.

आणि मग पाणी. हिशेब करा: तीस रोपं, आठवड्याला प्रत्येकी पाच लिटर, म्हणजे दीडशे लिटर, मार्च ते मे, डोक्यावरून, किमान तीन उन्हाळे. हे करायला कोण येणार त्यांची नावं आधी कागदावर लिहायची, आणि जेवढी नावं तेवढ्याच बेताने रोपं. आमच्याकडे माणशी दोन असा हिशेब आहे. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा हातात बाटली घेऊन चढतात आणि आपापल्या झाडाला घालतात, त्यांच्या जिवावर यातली कित्येक झाडं उभी आहेत. आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, दुपारी पाणी घालू नका. एवढं झालं की नवीन रोप लावण्याआधी मागच्या वर्षीचं जगलंय का ते बघा.

नोंदवही: चालण्यापेक्षा बसण्याचं काम

जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे त्या भागातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांबद्दलच्या लोकांच्या माहितीची नोंद, तयार करायची असते. ही कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळांचा मोठा वाटा. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, नाही तर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड. मग काय, धांदल उडाली. ठिकठिकाणी नोंदवह्या 'झाल्या'. आम्ही चाळलेल्या एका नोंदवहीत कोरड्या टेकडीच्या गावात कोकणातल्या खारफुटीची नावं होती. दुसऱ्या कुणाची तरी उतरवून काढली असणार.

म्हणून स्थानिक गटांचं काम इथे मोलाचं आहे, आणि नवख्याला ते जमतं, कारण यात ओळखण्यापेक्षा ऐकणं जास्त लागतं. आपल्या पंचायतीची किंवा पालिकेची नोंदवही आधी मागून पाहा. मग माणसांकडे जा. मंडईतल्या रानभाजीवाल्या मावशींना विचारा, चिवळ कुठून आणता, पाथरी कुठे मिळते, घोळ पूर्वीइतकी येते का. नदीकाठच्या भोई समाजातल्या आजोबांना विचारा, जाळ्यात पूर्वी काय यायचं. ते वाम, मरळ, खडस अशी नावं घेतात आणि हात हलवून म्हणतात, "आता काय, नुसती चिलापी," म्हणजे तिलापिया हा बाहेरून आलेला मासा. ती त्यांची ओळ तशीच लिहा, त्यांच्याच शब्दांत.

प्रश्नावली पुढे धरून बसू नका. मावशींकडून आधी एक जुडी घ्या, गिऱ्हाईक असेल तर बाजूला थांबा. पानाचं नाव ऐकलं की पान हातात घेऊन फोटो काढा, कारण एकाच नावाच्या दोन वनस्पती आणि एकाच वनस्पतीची चार नावं असतात. औषधाची माहिती मिळाली तर ती सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय कुठेही जाहीर करायची नाही. ती त्यांची मालमत्ता आहे. कायदाही तिला जपायला सांगतो, पण कायदा नसता तरी हेच.

कागदी लढाया

सगळ्यांना आवडत नाहीत, पण गटात एक-दोघं तरी अशी हवीत. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायचं तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, आणि हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. फिरताना खोडावर कागद दिसला की फोटो काढा, तारीख दिसेल असा. हरकतीच्या पत्रात 'पर्यावरणाचा ऱ्हास' असली मोठी वाक्यं कामाची नसतात. झाडाची जात, घेर, ढोली आहे का, त्यात कोण राहतं, कुठल्या तारखांना पाहिलं, एवढं लिहा. म्हणजे पुन्हा ती वहीच. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणावर, म्हणजे टेकड्या हिरव्या राहाव्यात म्हणून राखून ठेवलेल्या जागेवर, पुण्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, त्यातही शेवटी टेबलावर ठेवायला याच नोंदी असतात.

गटात भांडणंही होतात, ते आधीच सांगतो. सोनसाखळी म्हणायचं की बहावा, उंदीरमारी तोडावी की सावलीपुरती ठेवावी, भटक्या कुत्र्यांना टेकडीवर खायला घालावं की नाही. शेवटच्या विषयावर चहा संपेपर्यंत कुणीही मागे हटत नाही. नव्याने पहिलं वर्ष यात पडू नये.

येत्या रविवारी येणार असाल तर वहीच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि तुमच्या घरापासून पायथ्यापर्यंत दिसलेले पक्षी लिहून आणा. कावळ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. आणि एक लिटरची बाटली जास्तीची भरून घ्या, वरच्या वळणावर एक मेडशिंगी आहे, तिचा हा दुसरा उन्हाळा आहे.